कातर मिटून पुजत नाहीत

संगणकाचं बटण दाबल्यावर पडदा थोडा वेळ नुसता काळा असतो. आत पंखा फिरायला लागलेला असतो, समोर मात्र अजून काही उमटलेलं नसतं. मला तो वेळ फार आवडतो. लहानपणी पहाटे उठून मी वाघरीपाशी जाऊन उभी राहायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं. अंधारात मेंढरं दिसायची नाहीत, पण त्यांच्या श्वासाची ऊब तोंडावर यायची, एखादी खोकायची, आणि मग हळूहळू पाठी दिसायला लागायच्या. संगणक सुरू होताना मला अजून तसंच वाटतं. वर्गातली पोरं "मॅडम, हँग झालं" म्हणून गलका करतात तेव्हा मी म्हणते, थांबा जरा, उजाडू द्या. पोरांना वाटतं मॅडम थोड्या सटकलेल्या आहेत.

मी भूमला एका शाळेत संगणक शिकवते आणि तिथंच खोली करून राहते. रविवारी आणि सणावाराला एसटीनं ईटला, माझ्या गावी येते. ईटच्या शिवारात आमचं घर. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, मागं चूल आणि मेंढरांची जागा. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागं चालले आणि आई आबांमागं चालली. मी मात्र अशी निघाले, की कुणामागं चालत नाही आणि माझ्यामागं कुणी चालत नाही. हे वाक्य आईचं आहे, आणि ती ते कौतुकानं म्हणत नाही.

मला नाद एकच, लिनक्सचा. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकट मिळणारी सिस्टीम. ती जगभरचे लोक आपापल्या परीनं बांधून देतात आणि अशा एकेका बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. ज्वारी एकच, पण घरोघरची भाकरी निराळी, तसं. नवं डिस्ट्रो आलं की मला ते टाकून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, मी लॅपटॉपात नवं डिस्ट्रो टाकते. पट्टी हळूहळू भरत जाते, ओळी सरकत राहतात, आणि मी गालाला हात लावून बघत बसते. त्या वेळी कुणी बोललेलं मला खपत नाही. आई म्हणते, "ह्या पोरीनं येवढं ध्यान देवाकडं लावलं असतं तर देव येऊन भांडी घासून गेला असता."

माझा लॅपटॉप जुना आणि हलक्यातला. त्यातली साठवण वेगळी काढता येत नाही, ती आतल्या बोर्डालाच चिकटवलेली आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिथंच अडलं.

आबांचा आवाज गेल्या वर्षी गेला. घशात गाठ निघाली. बार्शीला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच नीट समजावून सांगितलं, की जीव राहील, आवाज राहणार नाही. आबांनी मान हलवली आणि विचारलं, "मग मेंढरं कशी वळवायची?" डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. आबांनी विचारलं, "शीळ तरी?" डॉक्टर म्हणाले, शीळही नाही, श्वास आता गळ्याला केलेल्या भोकातून चालणार. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटतं, गाठीचं त्यांना एवढं वाटलं नाही जेवढं त्या शिळेचं वाटलं. आमच्यात मेंढरांना पाण्यावर नेऊन शीळ घालतात, मग ती पितात. शीळ नसली तर पिणार नाहीत असं नाही, पण यजमानानं 'बसा' म्हटल्याशिवाय पाहुणा पाटावर बसत नाही, तशातली ती गोष्ट आहे.

ऑपरेशनच्या आधी मी फोन घेऊन आबांच्या मागं माळावर हिंडले आणि त्यांच्या सगळ्या हाका भरून घेतल्या. सोडायची हाक, वळवायची हाक, पाण्याची शीळ, पांगलेल्यांना गोळा करायची ती लांब, शेवटी खाली उतरत जाणारी हाक. काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. आबांनी हाक घातली की मेंढरं खरोखरच यायची. मग आबा प्रत्येक वेळी थांबायचे, जवळ आलेल्यांच्या माना खाजवायचे, कुणाला खिशातले दाणे द्यायचे आणि मगच पुढची हाक घालायचे. मी म्हणाले, "आबा, असं केलं तर दिवस जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे. खोटं बोलवू न्हाई त्यास्नी."

राहिलेलं आम्ही घरी आल्यावर छपराखाली बसून भरलं. तोवर आबांचा घसा सुकला होता. हाक घालता घालता ते मध्येच थांबले आणि आईला म्हणाले, "आगं ऐकलं का, पाणी आण की जरा." आई मागून पाणी घेऊन आली, तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला, हे सगळंही त्यात आलं. मी नंतर नुसत्या हाका कापून निराळ्या केल्या आणि एका पेनड्राइव्हवर घातल्या. सगळं जोडलेली मूळ लांबलचक फाइल लॅपटॉपात तशीच राहिली; फोनात जागा नव्हती म्हणून तिथलं मी पुसून टाकलं होतं. ती पुन्हा ऐकायचं धाडस माझ्याच्यानं झालं नाही.

पेनड्राइव्ह लावता येईल असा एक छोटा स्पीकर मी आणला आणि आबांच्या गळ्यात अडकवला. आवाज आबांचाच, पण तोंड मिटलेलं, आणि हाक छातीतून येतेय. सुरुवातीला मेंढरं बुचकळ्यात पडली. एक म्हातारी मेंढी येऊन स्पीकर हुंगून गेली. मग तिला पटलं आणि तिच्यामागं सगळ्यांना पटलं. वर्षभर आबा असेच हिंडले. लांबून ती हाक ऐकू आली की मी क्षणभर विसरायची, की हे बटण दाबल्यामुळं आहे.

अडचण फक्त आईची झाली. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. 'ऐकलं का' हेच आईचं नाव होतं, आणि त्या नावाची काही स्पीकरात सोय नव्हती. आबांना तिला बोलवायचं असलं की ते दाराच्या चौकटीवर काठी वाजवायचे. आई मुद्दाम हात धुवायला वेळ लावायची आणि येऊन म्हणायची, "मी काय मेंढरू हाय व्हय, काठी वाजवून हाकायला?" आबा हसायचे. त्यांचं हसणं आता नुसतं खांद्यांतून दिसतं. आईपण हसायची, पण दर वेळी उशिराच यायची.

यंदा नवरात्रात मी घरी आले ते नव्या डिस्ट्रोची स्वप्नं बघतच. जुन्या सिस्टीमला आता अपडेट मिळत नव्हते, नवी आवृत्ती हलकी आहे आणि माझ्यासारख्या जुन्या लॅपटॉपवर पळते असं सगळीकडे वाचलं होतं. ती टाकायला पेनड्राइव्ह लागतो, कारण संगणक आधी त्याच्यावरून सुरू करून मग आत बसवायची असते. घरात पेनड्राइव्ह एकच, आबांच्या गळ्यातला. मी हात पुढं केला, "एका दिसासाठी द्या." आबांनी काही न विचारता काढून दिला. तो पुसला गेला तरी बिघडत नव्हतं, हाका लॅपटॉपात होत्याच.

खंडेनवमीच्या सकाळी मी छपराखाली बसून काम सुरू केलं. ऊन कोवळं होतं. पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या इतक्या सावकाश फिरत होत्या की त्यांना कुणीतरी झोपेत ढकलतंय असं वाटावं. पडद्यावर प्रश्न आला, सगळी जागा पुसून नवी सिस्टीम टाकू, की जुनीच्या शेजारी टाकू? मी 'शेजारी' निवडलं. पट्टी सरकायला लागली. मी बघत बसले. मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता आणि ती पट्टी त्या तालावर भरतेय असं मला वाटत होतं. शेवटी काम झालं, आता पुन्हा सुरू करा, असा निरोप आला. तेवढ्यात आई पाट घेऊन आली.

"झालं का तुजं? बंद कर. पुजायचाय त्यो."

नवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, खुरपं, आबांची काठी, आणि सगळ्यांत मानाची लोकर कातरायची कातर. आईनं पाटावर धुतलेलं कापड अंथरलं, सगळं ओळीनं मांडलं आणि माझ्या लॅपटॉपला कातरीच्या शेजारी जागा दिली. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तो बंद करून, मिटून ठेवला होता. आईनं तो उघडला.

"आई, मिटलेलाच ऱ्हाऊ दे. वरून कुंकू लाव."

"कातर मिटून पुजत न्हाईत," आई म्हणाली. "मिटलेलं हत्यार झोपलेलं असतंय. झोपलेल्याला कुंकू लावतंय का कुणी?"

खरंच, कातरीची पाती फाकवून ठेवलेली होती. कोयत्याचं फडकं सोडलेलं होतं. आईनं ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, कातरीला लावलं तसंच माझ्या कीबोर्डच्या वरच्या कडेला, चांगलं दाबून. मग त्यावर अक्षता लावल्या, झेंडू वाहिला, उदबत्ती ओवाळली. आबांनी हात जोडले. आईनं सांगितलं, आज ह्यातल्या कशालाच हात लावायचा नाही, हत्यारांची पण सुट्टी असते. मेंढरांकडे बघत आबांनी गळ्यातल्या रिकाम्या स्पीकरावर बोट वाजवलं. आई म्हणाली, "एक दिस डबड्यानं भागवा." आबांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उचलला, बाभळीच्या फोकानं वाजवत मेंढरं काढली आणि गेले.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली, मी लॅपटॉप घेतला, फुलं काढली, फडक्यानं अलगद पुसला आणि बटण दाबलं. काळा पडदा आला. मी नेहमीसारखी डोळे बारीक करून वाट बघत बसले. आणि उजाडलं ते भलत्याच गावात. समोर निळं पान, त्यावर तारीख, वेळ, मेमरी, कुठून सुरू व्हायचं त्याचा क्रम. हे संगणकाच्या अगदी मुळातल्या सेटिंगचं पान. तिथं आपण मुद्दाम गेल्याशिवाय ते येत नाही, सुरू होताना वरच्या ओळीतली एक ठराविक की दाबून धरावी लागते. मी काही दाबलं नव्हतं. बाहेर पडले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा निळं पान.

मी म्हटलं, ठीक आहे, सुरुवातीचा रस्ता दाखवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर, तो नीट बसला नसेल. त्याच्यात बिघाड असला की लिनक्सवाल्यांना आनंद होतो, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. मी क्रम बदलला. पेनड्राइव्हवरून सुरू करायला सांगितलं. निळं पान. सुरक्षेची एक खिटी बंद केली, दुसरी उघडली. निळं पान. सगळं कंपनीतून आलं तसं करून टाकलं. निळं पान. कुठंही निघालं तरी फिरून त्याच वेशीत. गावाकडे अशा वेळी चकवा लागला म्हणतात आणि थोडा वेळ बसून घ्यायला सांगतात. मी बसून घेतलं नाही, ही माझी जात.

सुट्टी संपली, मी लॅपटॉप घेऊन भूमला गेले. शाळेतला बाहेरचा कीबोर्ड लावून बघितला, तरी तेच. दुरुस्तीवाल्यानं उघडून न बघताच बोर्ड गेला म्हणून सांगितलं. बोर्ड बदलून देतो म्हणाला, पण आतलं काही मिळणार नाही. लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर मी सगळी हकीकत लिहिली. कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं आली. फार भली माणसं ती. त्यांनी लांबलचक आज्ञा लिहून दिल्या, ज्या चालवायला आधी संगणक सुरू व्हायला हवा होता. एकानं विचारलं, वीज गेली होती का? एकानं विचारलं, कुठं पडला होता का? तुमच्याकडे परवा नवमी झाली का, असं कुणी विचारलं नाही.

आणि मग एक निराळंच भूत मानगुटीवर बसलं. मी खरंच 'शेजारी' निवडलं होतं ना? दसऱ्याला मला शपथेवर सांगता आलं असतं. पण शाळेत फळा पुसताना, एसटीत खिडकीशी डोकं टेकून, मी तो क्षण इतक्यांदा आठवला की तो झिजून गेला. कधी वाटायचं, बोट खालच्या ओळीवर होतं. कधी वाटायचं, वरच्या. स्वप्नात तर मी माझ्या हातानं 'सगळं पुसा' दाबायची आणि माळावरची मेंढरं एकेक करून पांढऱ्या ओळी होऊन वर सरकत जायची.

रविवारी घरी गेलं की आबा आधी माझ्या पिशवीकडे बघायचे आणि मग नजर दुसरीकडे न्यायचे. विचारायचे नाहीत. स्पीकर खुंटीला लटकत होता आणि त्याच्यावर धूळ धरायला लागली होती. आबा डबा वाजवत जायचे आणि डबा वाजवत यायचे. तो आवाज मला सहन व्हायचा नाही. आईला मात्र एकच काळजी होती.

"माज्या कुंकवानं बिघाडलं म्हणतीस का तू?"

"न्हाय गं. कुंकवानं काय होतंय?"

"तेच तर. पुजलं नसतं तर आणिक बिघाडलं असतं."

दिवाळी जवळ आली तशी माझी घालमेल वाढली. तेरखेडा लांब नाही. तिथं फटाके बनतात, त्यामुळं आमच्या भागात फटाक्यांना तोटा नसतो. आवाज झाला की मेंढरं बिथरतात, एकमेकांवर चढतात, वाघर तोडून पळतात. दर दिवाळीत आबा त्यांच्यात बसून राहायचे आणि हळू आवाजात ती गोळा करायची हाक घालत राहायचे. गेल्या दिवाळीत ते काम स्पीकरानं केलं होतं. यंदा काय करायचं? डबा वाजवला तर तो फटाक्यासारखाच.

दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी मी मनाशी ठरवूनच घरी गेले. आबा घरापुढच्या बाभळीखाली दगडावर बसले होते, मेंढरं समोरच्या पडीक रानात चरत होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

"आबा, बोर्ड बदलावा लागंल. आतलं सगळं जाईल. तुमचा आवाज पण."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग गळ्याला बोट लावलं आणि तो हात हवेत सोडून दिला, पाखरू सोडावं तसा. गेलं ते गेलं. ह्यापेक्षा त्यांनी माझ्यावर काठी उगारली असती तर मला चाललं असतं. मागं चुलीपाशी आई भांडी घासत होती, तिचा हात थांबल्याचं मला कळलं. मग भांडी पुन्हा वाजायला लागली, पण जरा जोरात.

मला रडायला आलं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी तिथंच घोंगडी अंथरून आडवी झाले. लॅपटॉप उघडून समोर ठेवला. का, ते सांगता येणार नाही. आजाऱ्याजवळ बसतात तसं. निळं पानही नको म्हणून तो सुरूच केला नव्हता. बाभळीची सावली लांब झाली होती. घोंगडीला लोकरीचा, धुराचा, लहानपणाचा वास होता. डोळे मिटत होते, पुन्हा उघडत होते. सूर्य इतका खाली आला होता की ऊन जमिनीला लागून सरपटत येत होतं आणि कीबोर्डवरच्या एकेका कीची चिमुकली सावली पडली होती. नांगरलेल्या रानात ढेकळांच्या पडतात तशा. मी झोपेच्या काठावरून त्या सावल्या बघत होते. ही एक, ही एक, ही एक. वरच्या ओळीत एका जागी सावली नव्हती.

मी उठून बसले. ती की शेजारणींपेक्षा किंचित खाली होती. केसभर. बोटानं चाचपली तर वर येत नव्हती. डोळा अगदी कीबोर्डला लावून बघितलं, आणि तिच्या नि शेजारच्या कीच्या फटीत, कडेवर आडवा, घट्ट रुतून बसलेला दिसला तांदळाचा एक दाणा. हळदीनं पिवळा, वर कुंकवाचा लाल ठिपका. आईनं जिथं दाबून कुंकू लावलं होतं, बरोबर तिथं. आणि की ती होती, जी दाबून धरली की निळं पान येतं.

म्हणजे लॅपटॉप बिचारा सांगितलेलंच ऐकत होता. दर वेळी सुरू होताना त्याला कुणीतरी म्हणत होतं, सेटिंगमध्ये चल, आणि तो मुकाट जात होता. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून, समुद्रापलीकडच्या लोकांना विचारत बसले होते.

मी बाभळीचा एक काटा मोडून घेतला. आबांनी लॅपटॉप उन्हाकडे तिरपा धरला. दाणा आधी अर्धा निघाला, मग उरलेला. की टक करून वर आली. आबांनी ते दोन तुकडे माझ्या बोटावरून उचलले, बघितले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी मागं चुलीकडे मान करून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हिला सांगू नको.

मी बटण दाबलं.

काळा पडदा. पंखा. मी त्या काळ्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला तो वेळ आवडला नाही. मग वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली, एकाखाली एक. वर नवी सिस्टीम, तिच्याखाली जुनी. शेजारी शेजारी. मी 'शेजारी'च निवडलं होतं.

नवी सिस्टीम भराभर उघडली. तिचं रंगरूप बघायला मी महिनाभर आसुसले होते, आणि आता बघितलंसुद्धा नाही. जुन्या जागेत शिरले, फोल्डर उघडला, आणि हाताला लागली ती पहिली फाइल लावली. ती मूळची, न कापलेली होती. आवाज पूर्ण वाढवला.

आबांचा आवाज आला. सोडायची हाक, मग वळवायची, मग ती लांब, उतरत जाणारी. आबा, जे माझ्याशेजारी तोंड मिटून बसले होते, ते तिथं माळावर मोकळ्या गळ्यानं हाका घालत होते. मला वाटलं, आता सगळं रान उधळत आमच्याकडे येणार. मी उभीच राहिले.

मेंढरं चरत राहिली. त्या म्हाताऱ्या मेंढीनं एकदा मान वर केली, कान हलवले आणि पुन्हा खाली घातली. मी आबांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे पायाशी पडलेला डबा उचलला आणि काठीच्या टोकानं अगदी हळू, गोंजारल्यासारखं, टिक टिक वाजवलं. अख्खा कळप वळला आणि यायला लागला. मोठ्यानं वाजवायची गरजच नव्हती. आबा हे एवढ्यात कधी शिकले होते आणि मेंढरं कधी शिकली होती, मला कळलंही नव्हतं. दिवाळीच्या फटाक्यांचा प्रश्न आबांनी आपल्यापुरता केव्हाच मिटवला होता.

मला फार वाईट वाटलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. ज्या आवाजासाठी मी जीव टांगणीला लावला, तो आता कुणालाच नको होता. लॅपटॉपातले आबा घरी येऊन छपराखाली बसले होते, पुढची हाक घालायला लागले होते. मी बंद करायला वाकले. तेवढ्यात ते थांबले, खाकरले आणि म्हणाले, "आगं ऐकलं का, पाणी आण की जरा."

"आणते की," मागून आई म्हणाली.

भांड्यांचा आवाज थांबला. रांजणावरचं झाकण वाजलं. माझा हात बटणावर तसाच राहिला. आई घराला वळसा घालून आली, हात ओले, पदर खोचलेला, तांब्या काठोकाठ भरलेला. जरासुद्धा वेळ लावला नव्हता तिनं. छपराच्या खांबापाशी आल्यावर तिची पावलं अडखळली. तिनं आबांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे. लॅपटॉपात तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

आई पुढं आली आणि तिनं हातातला तांब्या आबांपुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली.

आबांना तहान नव्हती. त्यांच्या पायाशी भरलेली बाटली होती. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि सगळा पिऊन रिकामा केला.